रक्त तपासून कानातलं काय कळणार?

प्रश्न निपाणीचा आहे: मुलगी दोन वर्षांची, जन्मतः ऐकू येत नाही, घराण्यात कुणी बहिरं नाही, तरी डॉक्टर आनुवंशिक म्हणतात आणि जीन टेस्ट करा म्हणतात.

मी खानापूरची, पाच वर्षं उंदरांच्या कानावर काम केलंय. रक्तातून जीनमधली चूक कळते. ती कानात नेमकी कुठं नडते, ते कळायला कानच उघडावा लागतो. जिवंत माणसाच्या आतल्या कानाचा तुकडा काढला तर ऐकणंच जायचं, म्हणून उंदीर.

पिल्लू जन्मतः बहिरंच असतं, बाराव्या दिवसाच्या आसपास ऐकायला लागतं. त्याआधी हाड मऊ असतं. मायक्रोस्कोपखाली आतल्या कानाचा कणीएवढा शंख, चिमट्यानं कवच सोलायचं, आत कोळ्याच्या धाग्यासारखी, ऐकण्याच्या पेशींची पट्टी. पहिले सहा महिने माझी रोज तुटायची. सगळं बर्फावर आणि घाईत, कारण आरएनए लगेच नासतो. प्रत्येक पेशीत जीन सगळे असतात, पण चालू थोडेच. कुठले चालू, ते आरएनए सांगतो.

यातून गंमत कळते. जीजेबी२ जीनचा बहिरेपणाशी संबंध १९९७ मध्ये सापडला. ऐकतात केशपेशी, पण हा जीन चालू असतो त्यांच्या शेजारच्या आधारपेशींत. त्याचं प्रथिन म्हणजे २२६ दुव्यांची साखळी. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या चुकीत ते २४व्यालाच तुटतं. ओटीओएफ या दुसऱ्या जीनचं उलटं: तो आतल्या केशपेशींतून नसेला निरोप देण्याच्या कामाचा. बाहेरच्या केशपेशी ठणठणीत, म्हणून कानात बूच घालून करतात ती ओएई चाचणी ‘पास’ येऊ शकते. आवाजाचा निरोप नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघणारी बेरा चाचणी केली नसेल तर आधी ती करून घ्या.

घराण्यात कुणी नाही म्हणता, पण आईबाप दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असली तर दर खेपेला चारात एक शक्यता. आपल्याकडे मामाची पोर करतातच. माझी आईसुद्धा वडिलांच्या मामाची लेक. नात्याबाहेरही हे घडतं, तेव्हा सुनेला ग्रहणावरून बोलणाऱ्यांना गप्प बसवा.

ओटीओएफवर जीन उपचारानं काही मुलांना ऐकू आल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालंय. त्याची वाट बघत कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशननं कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, मात्र लांबवू नका, बोली शिकायचं वय निघून जातं. या दोन्ही जीनमध्ये इम्प्लांट बहुधा चांगलं चालतं. रिपोर्ट आला की जीनचं नाव इथं लिहा, पुढचं सांगते.