मका उत्पादकांची संघटना काढून खरंच काय फरक पडतो का?

पडतो, पण नुसतं निवेदन देऊन फोटो काढला तर नाही. मी खटाव तालुक्यातला, दरवर्षी दोन एकर मका असतो. २०२५-२६ चा हमीभाव २४०० रुपये क्विंटल आहे, पण खरेदी केंद्र वेळेत चालू झालं नाही तर तो आकडा कागदावरच, अन् केंद्रावर ओलावा १४ टक्क्यांच्या आत लागतो हे निम्म्या लोकांना माल भरल्यावर कळतं. आमच्याकडं दाणा दाताखाली कट्ट वाजला की वाळला म्हणायचं, मागच्या साली त्याच दाण्याचा ओलावा व्यापाऱ्याच्या मशीनवर १८ टक्के दाखवला आणि वजनात घट कापली, एकटा माणूस काय भांडणार? म्हणून पहिलं काम म्हणजे वर्गणी काढून गटाचं स्वतःचं ओलावा मोजायचं मॉइश्चर मीटर घ्या.

खरेदी केंद्राची मागणी कापणीच्या आधीच तहसीलदारांकडं लावून धरा. पोल्ट्रीवाले, इथेनॉलवाले दोघांनाही मका लागतो, त्यांच्याशी गटानं बोला, ट्रकभर माल असला की भावाचं बोलणंच बदलतं. आणि मका खाणाऱ्या लष्करी अळीची माहिती हॉलमध्ये स्लाइड लावून नको, २०१८ पासून ती आपल्याकडं आहे तरी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, भुशासारखी विष्ठा दिसेपर्यंत लोक थांबतात. बांधावर न्या, पोंगा उकलून दाखवा.