अथेन्सच्या मुक्कामात मोझेकसाठी एकच बायझंटाइन मठ पाहायचा असेल, तर डॅफनी पाहावा की होसिओस लुकास?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अथेन्समध्ये चार दिवस आहेत, बरोबर सत्तरीतले आई-वडील आहेत, डेल्फीला, त्या प्राचीन ग्रीक देवस्थानाला, जायचं नक्की आहे आणि मोझेकसाठी, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या भिंतीवरच्या चित्रांसाठी, बायझंटाइन (मध्ययुगातल्या पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळातला एक मठ बघायचाय. डॅफनी शहराला लागून आहे, मग होसिओस लुकाससाठी दीडशे किलोमीटर जायचं कशाला? आणि जाण्याआधी काही वाचून जावं का?

डेल्फीला जाणारच असाल तर अंतराचा मुद्दा निकालात निघाला. होसिओस लुकास डेल्फीपासून पस्तीसेक किलोमीटरवर, हेलिकॉन पर्वताच्या उतारावर आहे. अथेन्सहून लिवाडियामार्गे आराखोवाकडे जाताना डिस्टोमोचा फाटा लागतो, तिथून डावीकडे वळायचं. फाट्यावरच्या पाट्या आणि नकाशे यांत नाव कधी ‘होसिओस’ तर कधी ‘ओसिओस’ असं दिसेल, गोंधळू नका. आणि हा लुकास म्हणजे बायबलमधला शुभवर्तमान लिहिणारा लूक नव्हे. हा दहाव्या शतकातला इथलाच एक तपस्वी.

आता खरा मुद्दा. दोन्ही मठ मी पाहिले आहेत. निव्वळ चित्रकला म्हणून विचाराल तर डॅफनी सरस आहे, हे आधीच मान्य करतो. तिथली मोझेक अकराव्या शतकाच्या अखेरीची. अंगांची ठेवण, वस्त्रांच्या चुण्या, चेहऱ्यांवरची हळवी छटा, सगळ्यांत जुन्या ग्रीक शिल्पांची नजाकत उतरलेली आहे. घुमटातला ख्रिस्त, ज्याला ‘पँटोक्रेटर’ म्हणजे सर्वसत्ताधीश म्हणतात, एकदा पाहिला की त्याची नजर पाठ सोडत नाही. पण डॅफनीच्या भिंतींवरचा संगमरवर कधीच गेला. १९९९च्या भूकंपाने इमारतीला मोठा तडाखा दिला आणि दुरुस्ती वर्षानुवर्षं चालली. आज तिथे उत्तम चित्रं एका उघड्यावागड्या इमारतीत दिसतात.

होसिओस लुकासमध्ये चित्रांबरोबर ती ज्या वास्तूसाठी केली गेली ती वास्तूही शाबूत आहे. खाली रंगीत संगमरवराची नक्षीदार फरशी, भिंतींना वरपर्यंत संगमरवराच्या शिरांशिरांच्या लाद्या, आणि त्यांच्या वर, जिथून कमानी वळायला लागतात तिथून, सोनं. मठ अजून चालता आहे, भिक्षू राहतात, उपासना होते, दिवे लागतात. माझं मत या एका गोष्टीवरून ठरलं. मोझेक म्हणजे भिंतीवर टांगलेलं चित्र नाही; ते त्या जागेचा, तिथल्या उजेडाचा, तिथे चालणाऱ्या माणसाचा हिशेब करून केलेलं असतं. तो हिशेब जिथे अजून जुळतो तिथे आधी जावं.

मुख्य चर्च अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. चौकोनी जागेवर गोल घुमट बसवायचा, तर कोपऱ्यांचं काय करायचं हा बांधणाऱ्यांचा जुना पेच. इथे चारही कोपऱ्यांत वर शिंपल्यासारख्या खोलगट कमानी काढून चौकोनाचा अष्टकोन केलाय आणि त्यावर सुमारे नऊ मीटर व्यासाचा घुमट ठेवलाय. या प्रकारच्या अष्टकोनी रचनेचं हे आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक. घुमटातलं मूळ मोझेक मात्र पुढे भूकंपात गेलं. आज तिथे नंतरच्या काळातलं भित्तिचित्र आहे, त्यामुळे आत शिरल्याशिरल्या वर पाहून हिरमोड करून घेऊ नका. मान थोडी खाली आणा आणि कोपरे बघा.

त्या चार खोलगट कमानींपैकी तिनांत मोझेक टिकून आहे: ख्रिस्ताचा जन्म, बाळाला मंदिरात अर्पण करणं आणि जॉर्डन नदीतला बाप्तिस्मा. अर्पणाचा प्रसंग नीट पाहा. एका बाजूला बाळ घेतलेली ख्रिस्ताची आई मारिया, समोरच्या बाजूला बाळ घ्यायला वाकलेला म्हातारा सिमिओन. कमान आत वळलेली असल्याने हे दोघे खरोखरच एकमेकांसमोर उभे राहतात आणि त्यांच्यामधली पोकळी रंगवलेली नसते, ती तुम्ही उभे आहात त्याच दालनातली हवा असते. बाळ त्या हवेतून एका हातातून दुसऱ्या हातात जाणार! बाप्तिस्म्यातही तसंच: बाप्तिस्मा देणारा योहान एका काठावर, देवदूत दुसऱ्या, आणि ख्रिस्त मधल्या खळग्यात पाण्यात उभा. पुस्तकातल्या छायाचित्रात कमान सपाट होते आणि यातलं काहीही कळत नाही. आकृत्या विनाकारण लांब लांब उभ्या केल्यासारख्या दिसतात.

सोन्याचंही तेच. सोनेरी तुकडा म्हणजे दोन काचांच्या थरांमध्ये धरलेला सोन्याचा वर्ख. असे हजारो तुकडे ओल्या गिलाव्यात बसवलेले, तेही वळणाऱ्या पृष्ठभागावर, त्यामुळे प्रत्येकाचा कोन थोडा वेगळा. तुम्ही दोन पावलं सरकलात की आत्ता चमकत होता तो भाग विझतो आणि शेजारचा पेटतो. म्हणून एका जागी उभं राहून मोबाइल वर धरून फोटो काढत बसण्यात अर्थ नाही. चाला, थांबा, परत मागे या. आई-वडिलांना मात्र भिंतीलगत बसायला जागा मिळाली तर बसू द्या. डोळे अंधाराला सरावले की हळूहळू कोपऱ्यातले संत दिसू लागतात. आणि दुर्बीण न्या! पक्षी बघायची साधी दुर्बीण पुरते. चेहऱ्यावर हिरवट सावली, गालावर लालसर तुकड्यांची ओळ, ही कारागिरी जमिनीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र ओवरीत घालवा. मुख्य दालनात शिरण्यापूर्वी जी आडवी ओवरी लागते (तिला नार्थेक्स म्हणतात) ती घाईत ओलांडून लोक आत जातात, आणि मठातली सगळ्यात चांगली मोझेक तिथेच, त्यातल्या त्यात डोळ्यांच्या जवळ आहेत. आत जायच्या दारावर हातात उघडा ग्रंथ धरलेला ख्रिस्त, ग्रंथातलं वचन ‘मी जगाचा प्रकाश आहे’. त्याच ओवरीत क्रुसावरचा ख्रिस्त आहे. क्रुसाच्या दोन बाजूंना फक्त मारिया आणि शिष्य योहान (बाप्तिस्मा देणारा नव्हे), वर सूर्य-चंद्र, बाकी सगळं सोनं. गर्दी नाही, सैनिक नाहीत, आक्रोश नाही. दुसरीकडे ख्रिस्त पाताळाची मोडलेली दारं तुडवत आदामाला हाताला धरून वर ओढतोय. शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग आहे आणि पुन्हा उठलेल्या ख्रिस्ताच्या जखमेची खात्री करून घेणारा शिष्य थॉमसही.

इथले चेहरे गोड नाहीत, हे सांगून ठेवतो. डोळे मोठे, भुवया जाड, अंगं ताठ, नजर रोखलेली. काही अभ्यासकांनी या शैलीला रांगडी, प्रांतिक म्हटलं आहे. मला ते पटत नाही. ज्या खोलीत पहाटेच्या अंधारात दिव्याच्या उजेडात उपासना व्हायची, तिथे लांबून ओळखू येईल असाच चेहरा हवा.

वाचून काय जायचं? फार नाही, लुकासची गोष्ट तेवढी माहीत असू द्या, कारण ही सगळी वास्तू त्याच्या समाधीभोवती उभी आहे. त्याचं घराणं मूळचं एजिना बेटावरचं. अरबांच्या सागरी धाडींना कंटाळून ते मुख्य भूमीवर आलं. लुकास लहानपणीच वैराग्याकडे वळला, ठिकठिकाणी राहिला आणि अखेर इथे स्थिरावला. ९५३मध्ये इथेच त्याचं निधन झालं. रोमानोस नावाचा सम्राट क्रीट बेट अरबांकडून परत घेईल असं भाकीत त्याने केल्याचं त्याचं चरित्र सांगतं. ९६१मध्ये दुसऱ्या रोमानोसच्या कारकिर्दीत क्रीट खरंच परत मिळालं. लोक बरे होण्यासाठी समाधीपाशी येऊन झोपत, नवस बोलत, तिथलं तेल अंगाला लावत. भाविक वाढले, मठ वाढला. त्याच्या अस्थी पुढे इटलीत गेल्या होत्या. त्या १९८६मध्ये व्हेनिसहून परत आल्या आणि आता दोन चर्चच्या मधल्या जागेत काचेखाली आहेत. लोक रांगेत येऊन नमस्कार करतात. तुम्ही त्या वेळी तिथे असलात तर बाजूला व्हा आणि कॅमेरा खिशात ठेवा.

दोन चर्च म्हणालो, कारण मोठ्या चर्चला चिकटून दहाव्या शतकातलं देवमाता मारियेचं चर्च, थिओटोकोस, आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीला एक फेरी मारा. दगड आणि विटांच्या त्या बांधणीत अरबी कुफी लिपीची नक्कल करणारी नक्षी आहे. नुसती नक्कल, वाचता येत नाही. ज्यांच्या धाडींमुळे लुकासचं कुटुंब परागंदा झालं, त्यांच्याच लिपीचा डौल त्याच्या मठाच्या भिंतीवर. याच चर्चच्या एका बाहेरच्या भिंतीवर बायबलमधल्या जोशुआ या योद्ध्याचं भित्तिचित्र होतं. मोठं चर्च शेजारी बांधलं तेव्हा ती भिंत आत आली आणि चित्र संगमरवराच्या लाद्यांमागे दडलं. विसाव्या शतकात लाद्या काढल्यावर ते सापडलं, आणि कुठलं चर्च आधीचं याचाही पुरावा मिळाला. मोठ्या चर्चच्या खाली तळघर आहे, लुकासची मूळ कबर तिथे. तिथली भित्तिचित्रंही पाहण्यासारखी आहेत, पण पायऱ्या उतरायच्या आहेत, वडिलांचे गुडघे कसे आहेत ते पाहून ठरवा. एरवी मठात चढ-उतार फार नाही, डेल्फीच्या मानाने तर काहीच नाही.

जायचं कसं? चौघे असाल तर भाड्याची गाडी किंवा दिवसभराची टॅक्सी. अथेन्सपासून दोन-अडीच तास. बसने डिस्टोमोपर्यंत जाऊन पुढे टॅक्सी करता येते, पण ज्येष्ठांना घेऊन ते मी सुचवणार नाही. डेल्फीची सहल विकणाऱ्या कंपन्यांच्या बस अनेकदा इथे वळत नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्या. जमलं तर रात्र आराखोवात किंवा डेल्फीत काढा. उन्हाळा असेल तर डेल्फी सकाळी उन्हाआधी आणि मठ त्यानंतर, कारण मठात सावली आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईंची साडी किंवा पंजाबी ड्रेस चालतो, हाफ पँटवाल्यांची पंचाईत. फ्लॅश मारू नका. शाकाहारी असाल तर आराखोवात पालक भरून भाजलेला ‘पाय’ (pie), टोमॅटोत शिजवलेले मोठे घेवड्याचे दाणे आणि तिथलं प्रसिद्ध फोरमाएला चीज भाजून मिळतं, जेवण निभतं.

वाटेत डिस्टोमो गाव लागतं. १० जून १९४४ रोजी नाझी जर्मनीच्या एसएस या दलाच्या तुकडीने इथल्या २००हून अधिक गावकऱ्यांना मारलं, त्यात बायका आणि तान्ही मुलंही होती. गावाच्या टेकडीवर स्मारक आहे. वडिलांना इतिहासाची आवड असल्याचं तुम्ही लिहिलंय, तर थांबा.

डॅफनी, होसिओस लुकास आणि खिओस बेटावरचा नेआ मोनी हे तिन्ही मठ १९९०मध्ये एकत्रच जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेव्हा परतल्यावर अर्धा दिवस उरला तर डॅफनीही कराच. ते अथेन्सच्या मध्यापासून अकराएक किलोमीटरवर, प्राचीन काळी एल्युसिस या तीर्थस्थानाला जाणाऱ्या पवित्र मार्गावर आहे आणि शहर बसने जाता येतं. फक्त ते आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडं असतं, म्हणून दिवस आधी बघा आणि मग बाकीचा कार्यक्रम लावा.