कृष्णामाईला माणूस ठरवता येईल का?

प्रश्न : गंगेला कोर्टानं माणूस ठरवलं म्हणे. मग आमच्या कृष्णामाईला का नाही? घाटावर मेलेले मासे तरंगतायत. – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये गंगेला कायद्याच्या दृष्टीनं माणूस म्हटलं खरं, पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. (नाहीतर पुराची भरपाई नदीकडंच मागितली असती लोकांनी!) तुम्ही पुण्याच्या हरित लवादाकडं, म्हणजे पर्यावरणाचे तंटे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडं जा. वकील लागतोच असं नाही. पण घटनेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. पाणी मात्र भरून नेऊ नका. मी एकदा काकवीच्या बाटलीतून नेलं, साहेबांनी बूचसुद्धा काढलं नाही. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यानं नोटीस देऊन, सील करून घेतला तरच पुरावा. तुम्ही नाल्याच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे.