१२ लाखांपर्यंत आयकर नाही, याचा फायदा नक्की कोणाला झाला?

ज्याला कर बसत होता त्याला, दुसऱ्या कोणाला होणार? गुहागरजवळच्या वाडीत माझं किराणा दुकान आहे, म्हणून हा प्रश्न जरा झोंबला.

१ फेब्रुवारी २०२५ ला बजेट झालं आणि त्याच रात्री ठाण्याहून चुलतभावाचा फोन. "दादा, वर्षाचे ८० हजार वाचले. फिरून तुझ्याच गल्ल्यात येणार!" त्याचं उत्पन्न बाराला टेकलेलं. म्हटलं, ये गणपतीला, बघू.

आला. नव्या गाडीची डिकी उघडली तर सुपरमार्केटच्या पिशव्या. रवा, तूप, कापूर, अगरबत्ती आणि पाच नारळ, शेंडीसकट, वर स्टिकर चिकटवलेला. ठाण्याहून कोकणात नारळ! परसातल्या माडांना काय वाटलं असेल. गौरी-गणपती होईपर्यंत माझ्याकडून गेली एक काडेपेटी आणि दुधाच्या दोन पिशव्या. "लिहून ठेव" म्हणाला. ठेवलंय. सामाईक घराची कौलं परतायची वर्गणी मागितली, तर "यंदा गाडीचे हप्ते आहेत रे."

हिशेब सरळ आहे. नव्या करप्रणालीत (आयकर मोजायच्या दोन पद्धतींतली नवी, ही सूट तिच्यातच आहे) ७ लाखांपर्यंत आधीही शून्यच होतं. ८ लाखवाल्याचे ३० हजार वाचले, १२ वाल्याचे ८०, २४ वाल्याचे १ लाख १० हजार (वरचा उपकर वेगळा). मी, होडीवरचा खलाशी, शाळेत खिचडी शिजवणारी, आमचं शून्याचं शून्य. आंबेवाल्याला शेतीचं उत्पन्न म्हणून पहिल्यापासून माफ. मासेमारी कायद्याने शेती नाही, पण कर बसेल एवढ्या आकड्याला पोचणारे इथे किती? साबण-बिस्किटांवरचा जीएसटी मात्र आम्ही सगळेच भरत होतो. २२ सप्टेंबर २०२५ ला तो १८ टक्क्यांचा ५ झाला, तेव्हा गिऱ्हाईक पुडा उलटून भाव वाचायला लागलं. बजेटच्या दुसऱ्या दिवशी कोणी काही विचारलं नव्हतं.

तरी चुलतभावाची बाजूही सांगतो. त्याचा कर पगारातूनच कापला जायचा, लपवायची सोयच नाही. माझा धंदा रोखीचा, हे त्याने चारचौघांत ऐकवलंय. आणि पगारदाराला ही मर्यादा १२ लाख ७५ हजार पडते; शेअर विकून झालेल्या नफ्याला ही सूट लागत नाही, तेवढं बघून घ्या.

तुमचेही वाचले असतील तर खुशाल खर्च करा, फक्त गावी येताना नारळ आणू नका. आमच्या कौलांचे साडेसात हजार अजून यायचेत.