शेठच्या खिशातली गोळी

"कामगारांच्या तब्येतीवर पैसे घातले तर ते वसूल होतात का?" काजूवाले, आंबा कॅनिंगवाले, हॉटेलवाले, सगळे हेच विचारतात. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

वेंगुर्ल्याकडचे एक काजू कारखानदार (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, तब्येत तपासणीचं शिबिर घेतलं, योगाची बाई लावली. दांड्या होत्या तेवढ्याच. बायकांना जरा समजवा."

माणूस हिशेबी, म्हणून आधी आकडे सांगितले. 2010 मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा उपक्रमांवरच्या एका डॉलरमागे उपचारखर्चात सव्वातीन डॉलर वाचतात असं निघालं. तोच आकडा सगळे मिरवतात. पण 2019 मध्ये अमेरिकेतल्या एका दुकानसाखळीच्या 160 ठिकाणच्या प्रयोगाचा निकाल आला. दीड वर्षानं लोक 'व्यायाम करतो' म्हणाले खरे, पण रक्तदाब, उपचारखर्च, रजा होत्या तिथेच. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत नुसत्या जीवनशैलीच्या धड्यांतून डॉलरमागे सुमारे 50 सेंट परत आले आणि आधीच आजारी असलेल्यांच्या पाठपुराव्यातून 3.80 डॉलर.

"मग योगा बंद करू?"

"असू दे. दांडी कोण मारतं ते आधी बघू."

सोलणीवरची एक बाई. टरफलाच्या तेलानं बोटं काळी, वर राख चोळलेली. तीन भेटी ती गणपतीबद्दलच बोलली. मी विचारलं नाही. घाई केली नाही तर माणूस आपलं आपण बोलतो, यावर माझा अजून विश्वास आहे. चौथ्या भेटीत म्हणाली, "बाई, माका शुगर आसा. शेठाक कळला तर घरी बसवतलो. शिबिराचे कागद सगळे हापिसात गेले."

शिबिराच्या दिवशी ती मुद्दाम घरी राहिली होती. एरवीची दांडी म्हणजे सरकारी दवाखान्याची फेरी. 15 ऑगस्ट 2023 पासून तिथे उपचार मोफत आहेत, पण किलोवर मजुरी मिळणाऱ्या बाईचा दिवस फुकट नसतो.

तिचं नाव न घेता ही भीती शेठना सांगितली. "मी कशाला काढीन?" ते दुखावले.

त्यांच्या शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी डोकावत होती. "बीपीची? मुलाला माहीत आहे?"

"नाही हो. उगाच गल्ल्यावरून उठवील मला."

बोलले आणि थांबले. मग स्वतःशीच हसले. मीही गप्प राहिले. अशा वेळी गप्प बसायला मला वीस वर्षं लागली.

तेव्हा माझं सांगणं असं. तपासणीचा कागद बंद पाकिटात ज्याचा त्याला द्या, हापिसात नको. मालकाला फक्त एकूण आकडे पुरेत. ज्यांना बीपी-शुगर आहे त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा डॉक्टर कारखान्यातच बोलवा आणि तो वेळ मजुरीत धरा. सोलणीला हातमोजे द्या, बसायला नीट पाट द्या. योगा त्यानंतर.

पुढच्या शिबिरात पहिल्या खुर्चीवर शेठच बसले होते, बाही वर करून. मुलगा शेजारी उभा.