इंग्रजी वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन (‘टू’, ‘फ्रॉम’, ‘विथ’सारखा शब्द) चालत नाही, हा नियम कुठून आला?

चालतं, खुशाल वापरा. ‘हू आर यू टॉकिंग टू?’ हे अस्सल इंग्रजीच आहे.

१६७२ साली कवी जॉन ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या अशाच एका ओळीला नावं ठेवली. बिशप रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ च्या इंग्रजी व्याकरणात मात्र बंदी नाही. बोलताना हे सर्रास चालतं, गंभीर लेखनात प्रीपोझिशन आधी आणणं जास्त डौलदार, एवढंच ते म्हणतात. आणि हे सांगणारं त्यांचं उपवाक्यच, ‘विच अवर लँग्वेज इज स्ट्राँगली इन्क्लाइन्ड टू’, ‘टू’वर संपतं! व्याकरणकार लिंडली मरे यांनी १७९५ मध्ये तेच वाक्य घेतलं आणि ‘टू’ उचलून ‘विच’च्या आधी नेऊन ठेवलं. मरे यांचं पुस्तक शाळाशाळांतून शिकवलं गेलं, तिथे आवडीनिवडीचा नियम होऊन बसला. त्यापायी आजही मुलांचे मार्क कापणं मला साफ चुकीचं वाटतं.