तेल्याचा फोटो आणि एक नेमका प्रश्न

चि.,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, रिसर्चगेटवर, संशोधकांच्या त्या संकेतस्थळावर, खातं उघडून सहा महिने झाले, पण कोणी विचारत नाही. रात्री तुझं पान उघडून बघितलं. नाव, पदवी, तीनशे जणांना फॉलो केलेलं. डाळिंबाचा कुठे पत्ताच नाही. सांगोल्याच्या बागांतून दोन हंगाम उन्हात हिंडलीस, ते कोणाला कसं कळणार?

इयाद मादिश नावाचा तरुण डॉक्टर बोस्टनमध्ये संशोधन करताना अडला आणि विचारायला जाणता माणूस सापडेना. त्यातून 2008 मध्ये त्याने मित्रांसोबत रिसर्चगेट सुरू केलं. अडल्यावर विचारायची जागा आहे ती. तशीच वापर.

‘डाळिंबाच्या तेल्या रोगावर काम करणाऱ्यांनी पेपर पाठवा’ या तुझ्या प्रश्नाला कामातला माणूस उत्तर देत नाही. त्यापेक्षा भगव्या वाणाच्या एका फळाचा जवळून काढलेला फोटो टाक. तेलकट काळपट डाग आणि त्यातून इंग्रजी वाय अक्षरासारखी गेलेली भेग स्वच्छ दिसू दे. शेजारी मोजपट्टी ठेव. बहार मृगाचा की हस्ताचा, पाऊस कधी झाला, फवारणी कशाची होती, सगळं लिही. मग विचार: प्रयोगशाळेत वाढवताना काही प्लेटवर तेल्याच्या झँथोमोनास जिवाणूच्या पिवळ्या वसाहती येतात, काहींवर येतच नाहीत, असं कोणी पाहिलंय का? ज्याने हात घातलाय तो या प्रश्नाशी थांबतोच. विजयपूर-बागलकोटकडेही डाळिंब आहे. तिकडचा कोणी भेटला तर दोघांचे नमुने एकाच पद्धतीने तपासता येतील. खरं सहकार्य तिथून सुरू होतं.

आणि केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुझ्या विद्यापीठाला इतकं जवळ असताना तिथल्या शास्त्रज्ञांना मेसेज कसले पाठवतेस? उठून जा. ज्याच्याकडे जाता येत नाही, त्याच्यासाठी नेट.

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नकोस. छापून आलेल्या पेपरची प्रकाशकाची पीडीएफ मी तशीच चढवली होती. पत्र आलं, काढावी लागली, फार ओशाळलो. 2017 मध्ये तर दोन बड्या प्रकाशकांनी याच कारणासाठी रिसर्चगेटला जर्मनीत कोर्टात खेचलं. काही ठिकाणी स्वीकारलेलं, पण प्रकाशकाने अजून न मांडलेलं हस्तलिखित ठेवता येतं, पण नियतकालिकाचे नियम आधी वाच. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांकही आजच काढ. उद्या लग्नानंतर आडनाव बदललंस तरी तुझे पेपर तुझ्याच नावावर राहतील.

स्कोअरकडे बघत बसू नकोस. रिसर्चगेट प्रत्येकाला जो गुणांक द्यायचं, तो आरजी स्कोअर त्यांनी स्वतःच 2022 मध्ये बंद केला.

शनिवारी फोटो आणि नोंदवही घेऊन घरी ये. पहिला प्रश्न आपण दोघं बसून लिहू.

तुझे सर
सोलापूर